खोबऱ्याची वाटी आणि सिडनीचं ऑपेरा हाऊस

फोटोत सिडनीचं ऑपेरा हाऊस पांढरंशुभ्र दिसतं. कॅलेंडरवर, फ्रिजच्या मॅग्नेटवर, पोरांच्या जीकेच्या पुस्तकात, सगळीकडे तसंच. मी पण तेच धरून चाललो होतो. मावसबहिणीकडे गेलो तेव्हा दुसऱ्याच दिवशी तिने तिथे नेलं, पायऱ्या चढून वर गेलो, आणि जिथे ते छत खाली येऊन जवळजवळ जमिनीला टेकतं तिथे जाऊन बघितलं तर पांढरं कुठलं, फिकट सायीचा रंग, आणि तोसुद्धा एक नाही. दोन जातीच्या टाइल्स आहेत. एक चकचकीत, अंगावर बारीक खडबडीत दाणे असलेली, आणि दुसरी मॅट, जराशी पिवळसर. प्रत्येक टाइल १२ सेंटीमीटर बाय १२ सेंटीमीटर, म्हणजे तळहातावर मावेल न मावेल एवढी. अशा १० लाख ५६ हजार ६ टाइल्स आहेत. तो शेवटचा ६ वाचून मला फार हसू आलं, कोणीतरी बसून मोजल्यात म्हणजे.

आणि गंमत बघा, टाइल सपाट आहे. हात फिरवला तर कुठे वाक जाणवत नाही. एवढं मोठं गोलाकार छत आणि हाताला लागतंय ते सपाट. कारण वाकच इतका मोठा आहे की तळहाताएवढ्या जागेत तो कळतच नाही, पृथ्वी गोल असून आपलं अंगण सपाट असतं तसं. हे छत ७५ मीटर त्रिज्येच्या गोलाचा तुकडा आहे. आणि नुसतं हे एक नाही, तिथली सगळी मोठी मोठी पाखं त्याच एका मापाच्या गोलातून कापलेली आहेत. हे कळेपर्यंत ते बांधणाऱ्या लोकांची चार वर्षं गेली, आणि माझ्या मते खरी गोष्ट तीच आहे. बाकी ते शिडांसारखं दिसतं, शिंपल्यांसारखं दिसतं वगैरे सगळं ठीक आहे.

पण आधी जागेबद्दल थोडं. बंदरात घुसलेलं एक छोटं टोक आहे, बेनेलॉंग पॉइंट. बेनेलॉंग हा तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एक माणूस, इंग्रज आले तेव्हा त्यांच्यात आणि आपल्या लोकांत दुवा झालेला. त्याच्याही आधी शेकडो वर्षं तिथले लोक या टोकावर बसून कालवं-शिंपल्या खायचे आणि टरफलांचे ढीग पडलेले असायचे. इंग्रजांनी ते ढीग भाजून त्याचा चुना केला आणि आपली पहिली बांधकामं त्यात केली, आपल्याकडे कोकणात शिंपल्यांचा चुना करायचे अगदी तसाच. पुढे तिथे किल्ला झाला, मग किल्ला पाडून ट्राम डेपो, आणि तो डेपोसुद्धा बुरुज-बिरुज काढून किल्ल्यासारखा बांधलेला. १९५८ मध्ये डेपो पाडला.

ऑपेरा हाऊस पाहिजे हा हट्ट युजीन गूसन्स नावाच्या कंडक्टरचा, सिडनीच्या सिंफनी ऑर्केस्ट्राचा, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाचा, प्रमुख होता तो. त्या वेळी ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम टाऊन हॉलमध्ये व्हायचे आणि ऑपेरासाठी, म्हणजे गाण्यातून होणाऱ्या नाटकासाठी, तर धड जागाच नव्हती. राज्याचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री म्हणा, जोसेफ काहिल यांना त्याने पटवलं. १९५५ मध्ये जगभरातल्या आर्किटेक्टसाठी स्पर्धा जाहीर झाली आणि २३३ डिझाइन्स आली. मागणी अशी की एक मोठा हॉल, ३ ते साडेतीन हजार माणसांचा, त्यात सिंफनी पण व्हावी आणि मोठा ऑपेरा पण व्हावा, आणि दुसरा छोटा १२०० चा. ही 'पण' 'पण' वाली मागणी लक्षात ठेवा, पुढे हीच नडते.

जानेवारी १९५७ मध्ये निकाल लागला. पहिला नंबर डेन्मार्कच्या योर्न उट्झनचा, वय ३८, तोवर नाव फारसं कोणाला माहीत नाही, आणि त्याने जागा प्रत्यक्ष बघितलेलीच नव्हती. वडील जहाजांचे डिझायनर, त्यामुळे घरात होडीचे वाक, शिडं, समुद्राचे नकाशे हे लहानपणापासून. त्याने सिडनी बंदराचे नाविक नकाशे मागवले आणि त्यावरून कल्पना केली की इथे चारी बाजूंनी लोक बघणार, बोटीतून, पुलावरून, आजूबाजूच्या उंच इमारतींतून खाली, म्हणजे या इमारतीला मागची बाजूच नसणार आणि छत हाच तिचा चेहरा असणार. हे मला फार पटलं. आपण छत म्हणजे वर टाक्या ठेवायची जागा समजतो.

आता त्याने जे दिलं होतं ती मोजकीच ड्रॉइंग्ज, अगदी ढोबळ. एक भलामोठा दगडी चौथरा आणि त्यावर तरंगणारी पाखं. चौथऱ्याची कल्पना त्याला मेक्सिकोतली माया लोकांची देवळं बघून सुचली होती, जंगलातून पायऱ्या चढून वर गेलं की एकदम मोकळं आभाळ. पाखांचा वाक त्याने हाताने काढलेला. कुठलं समीकरण नाही, कुठली त्रिज्या नाही, हाताला बरं वाटलं तसं.

निवाडा करणाऱ्यांमध्ये ईरो सारिनेन हा मोठा आर्किटेक्ट होता, तो उशिरा पोचला आणि त्याने बाद केलेल्या गठ्ठ्यातून हे डिझाइन बाहेर काढलं अशी गोष्ट सगळेजण सांगतात. ती कितपत खरी यावर वाद आहे. पण त्याला ते डिझाइन प्रचंड आवडलं होतं हे मात्र नक्की.

खर्चाचा अंदाज ३५ लाख ऑस्ट्रेलियन पाउंड, म्हणजे नंतरच्या चलनात ७० लाख डॉलर. काम पूर्ण व्हायची तारीख २६ जानेवारी १९६३. पैसे सरकारी तिजोरीतून काढायचे तर लोक ओरडतील म्हणून खास ऑपेरा हाऊसची लॉटरी काढली, आणि खरंच बहुतेक सगळा खर्च लॉटरीतून निघाला. (या लॉटरीची एक वाईट गोष्ट पण आहे. १९६० मध्ये १ लाख पाउंडाचं बक्षीस लागलेल्या एका कुटुंबाचं नाव आणि पत्ता पेपरात छापून आला आणि त्यांच्या ८ वर्षांच्या मुलाला खंडणीसाठी पळवून मारलं. त्यानंतर तिथे विजेत्यांना नाव गुप्त ठेवायची सोय झाली.)

इथून पुढची गोष्ट आपल्याला सवयीची आहे. निवडणूक तोंडावर, विरोधक म्हणतायत हा उधळेपणा आहे, आणि काहिलना भीती की आपण गेलो तर पुढचा माणूस हे गुंडाळून ठेवेल. मग काय करायचं, तर काम इतकं पुढे न्यायचं की कोणाला थांबवताच येणार नाही. २ मार्च १९५९ ला कामाला सुरुवात झाली, मतदान त्याच महिन्यात. इंजिनिअर सांगत होते की छताचं डिझाइन अजून झालेलं नाही, छत किती वजनाचं असेल आम्हाला माहीत नाही, तर खालचे खांब किती जाड ठेवायचे ते कसं सांगू? पण लगीनघाई. बोहल्यावर चढायचं, नवरदेवाचं वजन नंतर बघू. काहिल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारले. त्यांनी घाई केली नसती तर ही इमारत झाली नसती असं मला वाटतं, आणि घाईमुळेच तिचा पुढे सगळा घोळ झाला असंही वाटतं, दोन्ही खरं आहे.

इंजिनिअर म्हणजे लंडनची ओव्ह अरुप यांची कंपनी. अरुप पण मूळचे डॅनिश, त्यामुळे उट्झनशी त्यांचं सुरुवातीला मस्त जमलं.

चौथऱ्यातली एक गोष्ट बघण्यासारखी आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही, कारण सगळे वर बघत असतात. त्या भव्य पायऱ्यांच्या खाली गाड्या यायची जागा आहे आणि त्या जागेत मधे एकही खांब नाही, साधारण ५० मीटरचा पल्ला. सपाट स्लॅब एवढ्या पल्ल्यावर टाकला तर स्वतःच्याच वजनाने मधे लोंबेल. मग यांनी काँक्रीटला घड्या घातल्या. पन्हळी पत्रा आठवा. तोच पत्रा सपाट असेल तर लहान पोराच्या हातानेही वाकतो, त्याला पन्हळी पाडल्या की त्यावर माणूस उभा राहतो. पत्रा तेवढाच, वजन तेवढंच, फक्त मटेरियल मधल्या रेषेपासून वर आणि खाली लांब नेलं की वाकायला विरोध कितीतरी वाढतो. पण इथे घडीचा आकार सगळीकडे सारखा नाही. मधोमध वरची बाजू दाबली जाते म्हणून तिथे वर जास्त काँक्रीट, टेकूजवळ उलटं म्हणून तिथे खाली जास्त, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तो आकार हळूहळू बदलत जातो. खाली उभं राहून वर बघितलं तर काँक्रीट पीळ घेतल्यासारखं दिसतं. मी तिथे पंधरा मिनिटं मान वर करून उभा होतो, बहीण वैतागली.

आता छत.

पहिली कल्पना अशी होती की ही पाखं म्हणजे पातळ काँक्रीटचं कवच असेल, अंड्याच्या टरफलासारखं. त्या काळात पातळ कवचांची फॅशनच होती. अंडं दोन टोकांनी दाबून फोडून बघा, फुटत नाही सहज, कारण त्याचा आकार असा आहे की दाब सगळीकडे पसरतो आणि टरफल फक्त चेपलं जातं, कुठे वाकत नाही. पण त्यासाठी आकार नेमका पाहिजे. उट्झनची पाखं हाताने काढलेली, दोन टोकांवर उभी, आणि पुढून तोंड मोठं उघडं. म्हणजे अर्धं फुटलेलं टरफल उभं करून ठेवल्यासारखं. त्यात समुद्रावरचं वारं. गणित मांडलं की दर वेळी उत्तर यायचं, हे वाकेल.

मग सुरू झाले प्रयोग. पॅराबोला करून बघितला, लंबगोल करून बघितला, बरगड्या घालून बघितल्या, दुहेरी कवच, मधे स्टीलचा सांगाडा, असे १२ तरी वेगवेगळे आराखडे झाले १९५७ ते १९६१ मध्ये. अरुपच्या लोकांनी हिशेबासाठी फेरांटी पेगासस नावाचा कॉम्प्युटर वापरला, व्हॉल्व्हवर चालणारा, कपाटांच्या रांगेएवढा. हातानेच हे करायचं म्हटलं असतं तर किती माणसं आणि किती वर्षं लागली असती कोण जाणे. इमारतीच्या कामात एवढ्या प्रमाणावर कॉम्प्युटर वापरायची ती अगदी सुरुवातीची वेळ.

पण आकडे जुळवूनही दुसरी अडचण राहतच होती. प्रत्येक पाख वेगळं, आणि प्रत्येक पाखाचा प्रत्येक भाग वेगळ्या वाकाचा. काँक्रीट ओतायचं तर साचा लागतो, आणि इथे प्रत्येक तुकड्याला नवीन साचा, एकदा वापरला की फेकून द्यायचा. सुताराला विचारा, लाकडाचा वाकडा साचा करायला किती दिवस जातात. कोणाच्याही बजेटमध्ये ते बसणारं नव्हतं.

१९६१ मध्ये उत्तर सापडलं. गोष्ट अशी सांगतात की उट्झन पाखांची मॉडेल्स आवरून एकात एक रचून ठेवत होता आणि त्याच्या लक्षात आलं, अरे, ही तर जवळजवळ सारखीच आहेत. मग सगळी अगदी सारख्याच वाकाची केली तर? आणि सगळीकडे सारखा वाक असलेली वस्तू एकच, गोल. तो स्वतः हे समजावताना संत्र्याची सालं वापरायचा, म्हणून जगभर ही गोष्ट संत्र्याची म्हणून प्रसिद्ध आहे, नागपूरकरांनी खूश व्हायला हरकत नाही. पण मला संत्र्यापेक्षा खोबऱ्याची वाटी जास्त बरी वाटते. घरी आल्यावर मी करून बघितलं. चांगली गोल वाटी घ्या आणि सुरीने तिचे तिरके, उभे, लहान, मोठे असे वाट्टेल ते त्रिकोणी काप काढा. दिसायला सगळे वेगळे. आता कुठलाही काप दुसऱ्या कापाच्या पाठीवर ठेवा, साधारण बसतो (नारळ काही भूमितीचा गोल नसतो, थोडं सांभाळून घ्या). पानात वाढलं तर वेगळेवेगळे तुकडे, पण वाक एकच. सिडनीची पाखं म्हणजे ७५ मीटर त्रिज्येच्या वाटीचे काप.

याचा फायदा कुठे झाला ते नीट समजून घ्या. प्रत्येक पाख म्हणजे खाली एका बिंदूतून निघून वर पसरणाऱ्या बरगड्या, हातपंख्याच्या काड्यांसारख्या. गोल एकच असल्यामुळे सगळ्या बरगड्यांचा वाक एकच. मग बरगडी तुकड्यातुकड्यात करता येते, आणि खालून पहिला तुकडा सगळ्या बरगड्यांत सारखा, दुसरा सारखा, तिसरा सारखा. मोठ्या पाखाच्या बरगडीत तुकडे जास्त, लहान पाखात कमी, बस. म्हणजे मोजके साचे करायचे आणि त्यातून पुन्हा पुन्हा काढत राहायचे, मोदकाच्या साच्यासारखे. असे २१९४ काँक्रीटचे तुकडे तिथेच साइटवर ओतले, काही तर १५ टनांपर्यंतचे. जी गोष्ट चित्रातून आली होती ती आता कारखान्यात होण्यासारखी झाली. उट्झनला मानायचं तर इथे मानायचं, स्वतःच्याच सुंदर चित्रात त्याने बदल केला. मूळ ड्रॉइंगमधली पाखं जास्त लोळलेली, बसकी होती, आत्ताची जास्त उभी आहेत. स्पर्धा जिंकलेलं डिझाइन आणि उभी असलेली इमारत एकसारखी नाहीये.

तुकडे एकमेकांना धरून कसे राहतात? मण्यांची माळ घ्या, सैल असेल तर हातात लोळते, पण आतला दोरा दोन्ही बाजूंनी करकचून ताणला की तीच माळ काठीसारखी ताठ होते. काँक्रीटच्या तुकड्यांतून स्टीलच्या केबल ओवल्या आणि जॅक लावून ताणल्या, तुकड्यांमधे इपॉक्सीचा गोंद. काँक्रीट दाबायला पोलादासारखं आणि ताणायला बिस्किटासारखं, म्हणून त्याला कायम दाबातच ठेवायचं ही युक्ती. सगळी मिळून ३५० किलोमीटर केबल आहे म्हणतात, म्हणजे मुंबईहून निघालात तर कऱ्हाड ओलांडून पुढे जाल.

आणि हे तुकडे हवेत धरायचे कसे, चिकटेपर्यंत? खालून पूर्ण परांची बांधायची तर लोखंडाचं जंगल झालं असतं. हॉर्निब्रुक या कॉन्ट्रॅक्टरच्या इंजिनिअरांनी लांबी कमीजास्त होणारी स्टीलची कमान बनवली, एक बरगडी झाली की ती बाजूला सरकवायची आणि पुढची त्यावर टेकवायची. रोज मोजमाप घ्यायचं आणि आकडे कॉम्प्युटरला द्यायचे, कारण बरगडी थोडी जरी चुकीच्या जागी गेली तरी वर माथ्यावर समोरून येणारी दुसरी बरगडी भेटणार नाही. या साइटवर एक तरुण इंजिनिअर होता, पीटर राइस, पुढे पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटर या इमारतीमुळे जगप्रसिद्ध झाला.

मी वर 'पाख' म्हणतोय, जग त्याला शेल म्हणतं, पण इंजिनिअरच्या भाषेत ते शेल नाहीच. ते एकमेकींना टेकलेल्या कमानींचं छत आहे, आपल्या जुन्या देवळांच्या आणि मशिदींच्या कमानींचं चुलत भावंड. आणि म्हणूनच ते पातळ कवचापेक्षा खूप जड झालं. आठवतं ना, खालचे खांब आधीच बांधून झाले होते? ते या वजनाला पुरणार नव्हते. मग उभे असलेले खांब सुरुंग लावून फोडले आणि नवे जाड बांधले. १९५९ ची घाई अशी फिटली.

टाइल्सचं तर वेगळंच प्रकरण. उट्झनला चकाकी हवी होती पण आरशासारखी डोळ्यात जाणारी नको होती, जपानी-चिनी भांड्यांवर असते तशी खोल चकाकी पाहिजे होती. स्वीडनच्या होगानास कंपनीने तीनेक वर्षं प्रयोग करून मातीत बारीक खडी मिसळून वर झिलई दिलेली टाइल तयार केली. आता या टाइल्स एकेक करून छतावर लावत बसले असते तर मिस्त्री अजून तिथेच असते. मग साच्यात टाइल्स पालथ्या मांडायच्या, मागून काँक्रीट ओतायचं, आणि ते अख्खं पॅनेल, बाणाच्या टोकाच्या आकाराचं, क्रेनने वर नेऊन ब्राँझच्या बोल्टने बरगडीला बसवायचं. अशी ४ हजारांवर पॅनेल्स. पॅनेलच्या कडेला मॅट टाइल्स आणि मधे चकचकीत, त्यामुळे उन्हात बघितलं तर छताच्या आतल्या बरगड्या कुठे आहेत ते बाहेरून रेषांनी कळतं. पानावरच्या शिरा दिसतात तसं.

छत १९६७ ला पूर्ण झालं, पण तोवर उट्झन निघून गेला होता. १९६५ मध्ये सरकार बदललं, बांधकाम खात्याचे नवे मंत्री डेव्हिस ह्यूज. त्यांचं म्हणणं, खर्चावर लगाम पाहिजे, ड्रॉइंग्ज दाखवा मग पैसे. उट्झनचं म्हणणं, आधी नमुने करून बघू द्या, मग ड्रॉइंग्ज. पैसे अडले, ऑफिसच्या लोकांचे पगार द्यायचे वांधे झाले. २८ फेब्रुवारी १९६६ ला त्याने राजीनामा दिला. लोकांनी मोर्चा काढला त्याला परत आणा म्हणून. एप्रिलमध्ये तो बायकामुलांसह गेला आणि आयुष्यात परत कधी सिडनीला आला नाही.

या भांडणात सगळे उट्झनच्या बाजूने बोलतात आणि मंत्र्याला खलनायक करतात. मला ते इतकं सोपं वाटत नाही, लोकांच्या पैशांवर बसलेल्या माणसाने हिशेब मागणं यात चूक काय. पण एक आकडा बघा. सगळा खर्च झाला १० कोटी २० लाख डॉलर, मूळ अंदाजाच्या १४ पटींहून जास्त. त्यातला चौथरा सुमारे ५५ लाख, ज्या छतासाठी उट्झनला वेड्यात काढलं ते सुमारे १ कोटी २५ लाख, आणि तो गेल्यावर केलेलं आतलं काम सुमारे ५ कोटी ६५ लाख. म्हणजे त्याला घालवून पैसे वाचले असं काही दिसत नाही.

आत काय झालं ते आता सांगतो, आणि इथे ती 'पण' 'पण' वाली मागणी परत येते. सिंफनीला हॉलमध्ये आवाज रेंगाळायला हवा, साधारण २ सेकंद, म्हणजे व्हायोलिन्सचा सूर थांबला तरी हवेत थोडा लोंबत राहतो आणि पुढच्या सुरात मिसळतो. ऑपेरात शब्द असतात, तिथे एवढं रेंगाळलं तर अक्षरं एकमेकांवर चढून गिचका होतो, दीड सेकंदाच्या आत पाहिजे. बाथरूममध्ये गाणं छान वाटतं आणि तिथूनच कोणी काही बोललं तर बाहेर कळत नाही, तेच. शिवाय ऑपेराला स्टेजच्या वर पडदे-सेट ओढून घ्यायला प्रचंड उंच जागा लागते, ती जागा आवाज खाते. एका हॉलमध्ये दोन्ही करणं जवळजवळ अशक्य, आणि त्यात ३ हजार खुर्च्या.

उट्झननंतर काम पीटर हॉल या तरुण आर्किटेक्टकडे आलं. त्याला सांगण्यात आलं की मोठा हॉल फक्त संगीताच्या मैफलींसाठी, ऑपेराची रवानगी छोट्या हॉलमध्ये. मोठ्या हॉलसाठी बसवलेली स्टेजची यंत्रसामग्री उचलून काढून टाकली. म्हणजे ऑपेरा हाऊसमध्ये ऑपेरालाच लहान खोली मिळाली, पाहुण्यांनी हॉल अडवल्यावर घरच्यांनी स्वयंपाकघरात झोपावं तसं. दोन्ही हॉल शेजारी शेजारी, टोक अरुंद, त्यामुळे विंगेला जागाच नाही, आणि वादकांचा खड्डा इतका आखूड की निम्मे लोक स्टेजखाली सरकलेले. त्या खड्ड्यावर नंतर जाळी लावली. कारण असं सांगतात की १९८० च्या दशकात एका ऑपेरात स्टेजवर जिवंत कोंबड्या होत्या आणि त्यातली एक चालत चालत थेट चेलोवाल्याच्या डोक्यावर पडली.

मोठा कॉन्सर्ट हॉल २६७९ खुर्च्यांचा झाला, लाकडाने मढवलेला, दिसायला देखणा. पण छताखालची पोकळी भरून काढायची म्हणून आतलं सीलिंग स्टेजच्या वर २५ मीटरवर गेलं. आता हिशेब करा. वादकाचा आवाज वर जाणार २५, खाली येणार २५, एकूण ५० मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर परत यायला सेकंदाचा सातवा भाग. ऐकायला काहीच नाही, पण द्रुत लयीत तबलजीचा एक बोल होऊन दुसरा येतो एवढ्या वेळात. म्हणजे स्टेजवरच्या एका कोपऱ्यातल्या वादकाला दुसऱ्या कोपऱ्यातला धड ऐकूच येत नाही, आला तर उशिरा येतो. सुराशी सूर जुळवायचा कसा? उपाय म्हणून स्टेजवर पारदर्शक ॲक्रिलिकची मोठी कडी लटकवली, मेदुवड्यासारखी दिसायची, त्याने फार फरक पडला नाही. कंडक्टर लोक वर्षानुवर्षं कुरकुरत राहिले.

२० ऑक्टोबर १९७३ ला राणी एलिझाबेथने उद्घाटन केलं, ठरल्यापेक्षा दहा वर्षं उशिरा. उट्झन नव्हता.

आवाजाचा प्रश्न सुटायला २०२२ उजाडलं. दोन वर्षं हॉल बंद ठेवून काम केलं, वडे काढले आणि त्या जागी १८ मोठ्या पाकळ्या आल्या, गडद गुलाबी रंगाच्या, कार्यक्रमाप्रमाणे वर-खाली करता येणाऱ्या. आवाज आता वर हरवायच्या आत वादकांकडे आणि पुढच्या रांगांकडे परत येतो. भिंतींवर लाकडाचे नागमोडी पृष्ठभाग बसवले, म्हणजे आवाज एकाच दिशेने आपटून न येता विखरून येईल. आम्ही तिकीट काढून वरच्या बाल्कनीत बसलो होतो, स्वस्तातलं, आणि कोणीतरी बासरीवाला एकटाच हळू वाजवत होता तेव्हा त्याने श्वास घेतलेला मला ऐकू आला. माझ्या शेजारचे आजोबा झोपले होते, त्यांचाही आला.

उट्झनशी समेट १९९९ मध्ये झाला. पुढे काय बदल करायचे असतील तर कुठल्या तत्त्वांवर करायचे ते त्याने लिहून दिलं, मुलगा यान तिथे येऊन काम बघायला लागला, आणि २००४ मध्ये खालच्या एका हॉलचं काम त्याच्या डिझाइनप्रमाणे झालं, त्याला आता उट्झन रूम म्हणतात. २००७ मध्ये युनेस्कोने वारसास्थळ म्हणून नाव घातलं, आर्किटेक्ट हयात असताना. २००८ मध्ये तो गेला, ९० वर्षांचा होऊन. तयार इमारत त्याने कधीच डोळ्याने बघितली नाही.

आमच्या टूरच्या गाइडला मी शेवटी विचारलं की एवढ्या टाइल्समधली एखादी सुटत आली तर कळतं कसं, कॅमेरे आहेत का. ती म्हणाली आता यंत्रं पण आहेत, पण मूळ पद्धत म्हणजे माणसं दोरावरून खाली उतरतात आणि छोट्या हातोडीने टाइल ठोकून ऐकतात. खणखणीत आवाज आला की पुढची, बद्द आला की मागे पोकळी झालीय, खूण करायची. मी बहिणीकडे बघितलं, ती म्हणाली, आई माठ असाच घ्यायची.